जोडीने पाठ केलेले शब्द

जर्मन शिकताना आम्ही शब्दांच्या जोड्या पाठ केल्या: 'श्प्रेखेन' म्हणजे बोलणे, 'झागेन' म्हणजे सांगणे. मग वाक्य आले, 'एर झाग्ट नाइन'. तो 'नाही' सांगतो? छे, तो 'नाही' म्हणतो! 'झाग मिर डाइनेन नामेन', म्हणजे मला तुझे नाव सांग, यातही तेच क्रियापद. आपल्या म्हणणे आणि सांगणे या दोहोंचे काम एकटे झागेन करते. जोडीत हे दिसत नाही. त्याहून गंमत 'इश कान डॉइच'ची. 'कान' म्हणजे शकतो. बोलण्याचे क्रियापदच नाही! पण 'मला जर्मन येते' यात तरी ते कुठे आहे? फक्त आपल्याकडे भाषा 'येते', तिथे 'मी' कर्ता. 'मला जर्मन येते' आणि 'मी जर्मन बोलतोय' यांत फरक काय, हे आधी मुलांना मराठीतच विचारून पाहा.