रुग्णालयाचा सर्व्हर : ऑपरेटिंग सिस्टीमची निवड

आपल्या मंडळातील अनेक सहकाऱ्यांनी रुग्णालयाचे कामकाज आता इंटरनेटशी जोडले आहे. रुग्णाने घरबसल्या वेळ ठरवावी, तपासणीचा अहवाल पाहावा, ही सोय उत्तमच. परंतु ही सेवा देणारा संगणक, म्हणजेच सर्व्हर, अहोरात्र साऱ्या जगासाठी उघडा असतो. त्याचे दार ठोठावणारा प्रत्येक जण रुग्णच असेल असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. माझ्या छोट्या रुग्णालयाचा सर्व्हर उभारताना मी जो विचार केला, तो सहकाऱ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडतो.

ऑपरेटिंग सिस्टीम हा सर्व्हरचा पाया. ती 'स्थिर' असावी असे सर्वच म्हणतात, पण या शब्दाला दोन अर्थ आहेत. यंत्र मध्येच बंद पडू नये, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा : प्रणालीतील प्रोग्रॅम वारंवार बदलू नयेत, केवळ त्यांतील दोषांची दुरुस्ती होत राहावी. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर आवृत्तीत हेच धोरण आहे. नवी आवृत्ती सुमारे दर २ वर्षांनी येते. तोवर प्रोग्रॅम बहुधा तेच राहतात व सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या त्यांत घातल्या जातात.

याचा लाभ मार्च २०२४ मध्ये दिसून आला. 'एक्सझेड' नावाच्या, माहिती आकुंचित करणाऱ्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरवाट पेरून ठेवली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर दुरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, आणि एवढ्याशा लक्षणावरून त्याने रोगाचे मूळ शोधले! डेबियनच्या चाचणी आवृत्तीत ती चोरवाट शिरली होती. स्थिर आवृत्ती मात्र जुन्याच प्रोग्रॅमवर असल्याने बचावली. बाजारात कालच आलेले औषध आपण सरसकट लिहून देत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तथापि स्थिर म्हणजे निष्क्रिय नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला हजारो रुग्णांच्या भेटी रद्द करावयास लावल्या. ज्या दोषातून तो पसरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेक संगणकांवर ती बसवलीच गेली नव्हती. लस उपलब्ध होती, टोचली नव्हती. म्हणून दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हा निवडीचा पहिला निकष. विंडोज सर्व्हरला एकूण १० वर्षे, उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला ५ वर्षे आणि डेबियनला प्रथम ३ व पुढे २ अशी ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात. ओपनबीएसडी सुरक्षेसाठी नावाजलेली आहे, पण तिची प्रत्येक आवृत्ती सुमारे वर्षभरच सांभाळली जाते. जाणकार माणूस हाताशी नसेल तर ते पथ्य पाळणे कठीण.

दुसरा निकष म्हणजे प्रणालीमागे कोण उभे आहे. सेंटओएस ८ ही आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल, अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती २०२१ अखेर बंद करण्याचे जाहीर केले. असंख्य सर्व्हरचालकांना घाईने स्थलांतर करावे लागले.

हे सर्व पाहून मी डेबियन निवडली. आमचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते, परवान्याचा खर्च नाही आणि लिनक्स जाणणारे तरुण गावात मिळतात. जेथे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते व ती सांभाळणारा माणूस आहे, तेथे विंडोज सर्व्हर निवडण्यात काहीच गैर नाही. ज्या प्रणालीची निगा आपल्याकडे नीट राखली जाईल, तीच आपल्यासाठी सुरक्षित.

निवडीनंतरची पथ्ये थोडकीच. आवश्यक तेवढेच प्रोग्रॅम बसवावेत. बाहेरून फक्त संकेतस्थळाचे ४४३ क्रमांकाचे द्वार उघडे ठेवावे; देखभालीचा प्रवेश मोजक्या ठिकाणांहूनच आणि पासवर्डऐवजी डिजिटल किल्लीने द्यावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसाव्यात. रुग्णांच्या नोंदी आतल्या वेगळ्या संगणकावर असाव्यात, त्यांची एक प्रत इंटरनेटपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवावी आणि त्या प्रतीवरून नोंदी खरोखर परत येतात का, हे महिन्यातून एकदा पडताळावे.

रुग्ण आपल्याला जे सांगतो ते घरच्यांनाही सांगत नाही. त्याचे ते गुपित आता या यंत्रात असते. म्हणून विक्रेता दारी येईल तेव्हा किमतीआधी त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? त्या कोण बसवील? आणि सर्व्हर कोलमडलाच, तर नोंदी किती वेळात परत मिळतील? उत्तरे लेखी घ्यावीत, ही सर्व सहकाऱ्यांना नम्र विनंती.