लांब केस कापले आणि आता रडू येतंय? असं का होतं, केस परत यायला किती वेळ लागतो?

सलूनमध्ये 'छान झालंय' म्हणून पैसे दिले आणि घरी आल्यावर मात्र रडू कोसळलं. वर्षानुवर्षं वाढवलेले केस एकदम कापणाऱ्या अनेकींना हा अनुभव येतो. त्यात घरातून 'अगं, हे काय करून घेतलंस?' असं ऐकू आलं की पश्चात्ताप दुप्पट होतो. 'केसच तर आहेत, वाढतील,' असं सगळेच सांगतात. पण ते कधी वाढतील आणि तोवर करायचं काय?

एवढं वाईट का वाटतं?

पहिलं कारण सवयीचं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार नजरेसमोर आली की ती आपल्याला जास्त आवडू लागते. लांब केसांतला स्वतःचा चेहरा तुम्ही हजारो वेळा पाहिलेला असतो, नवा चेहरा मात्र कालच भेटलेला असतो. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतलं 'मी भयानक दिसतेय' हे मत बऱ्याचदा अनोळखीपणाचं असतं. हात वेणी पुढे घ्यायला जातो आणि रिकामा परत येतो, तोही सवयीचाच भाग.

दुसरं कारण आपल्या समाजातलं आहे. लांबसडक केस म्हणजे सौंदर्य, हे लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. गजरा, अंबाडा, खोपा हे सगळं लांब केसांचंच कौतुक. उलट केस काढणं हे एकेकाळी बाईच्या दुःखाची आणि शिक्षेची खूण होतं. विधवांच्या केशवपनाविरुद्ध महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळीला आवाज उठवावा लागला होता. त्यामुळे 'केसांसाठी काय रडतेस' असं म्हणणं सोपं असलं तरी ते दुःख खोटं नसतं.

सांगितले त्यापेक्षा आखूड का झाले?

प्रत्येक वेळी कापणाऱ्याचीच चूक असते असं नाही. ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर वर येतात. कुरळ्या किंवा लाटांच्या केसांत हा फरक जास्त दिसतो. शिवाय लांब केस स्वतःच्या वजनाने सरळ राहतात. ते वजन गेलं की दबलेल्या लाटा उसळतात आणि केस फुगलेले दिसतात. म्हणून पुढच्या वेळी 'थोडे कापा' असं न सांगता, केस वाळल्यावर कुठवर यायला हवेत ते बोटाने दाखवा.

परत वाढायला किती वेळ लागेल?

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला 12 ते 15 सेंटीमीटर वाढतात. हनुवटीपासून खांद्यापर्यंतचं अंतर 10 सेंटीमीटर धरलं तर 8 ते 10 महिने लागतील. खांद्यापासून कंबरेपर्यंत 40 सेंटीमीटर धरले तर जवळपास 3 वर्षं.

यात एक दिलासाही आहे. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ साधारण 2 ते 6 वर्षांचा असतो आणि तो बराचसा आनुवंशिक असतो. तुमचे केस आधी कंबरेपर्यंत आले होते, म्हणजे तेवढं वाढण्याची क्षमता मुळांत आहे. कात्री मुळापर्यंत पोहोचतच नाही.

केस कापल्याने ते दाट होतात का?

नाही. बाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिनचा निर्जीव तंतू. तो कापला हे मुळाला कळत नाही. 1928 मध्ये अमेरिकी संशोधिका मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीच्या केसांवर हे तपासलं, तेव्हा वस्तऱ्यामुळे केसांचा वेग किंवा जाडी बदलली नाही. बायोटिनच्या गोळ्यांचंही तसंच. शरीरात कमतरता असेल तर उपयोग होतो, नसेल तर त्या घेऊन केस झपाट्याने वाढतात याला भक्कम पुरावा नाही. तेलाने केस मऊ राहतात आणि कमी तुटतात, एवढा फायदा नक्की आहे.

आता काय करता येईल?

- रागाच्या भरात घरी कात्री हातात घेऊ नका. एकदा धुऊन, नेहमीसारखे वाळवून मग ठरवा.
- एक बाजू खाली-वर असेल तर दोन-चार दिवसांत त्याच सलूनमध्ये जाऊन सांगा. बरेच जण तेवढी दुरुस्ती करून देतात.
- भांग बदलून पाहा. मधला भांग बाजूला नेला तरी चेहऱ्याची ठेवण वेगळी वाटते.
- टिकटॉक पिना, हेअरबँड आणि छोटा चाप जवळ ठेवा. वाढीच्या मधल्या टप्प्यात डोळ्यांवर येणारे केस त्यांनीच आवरतील.
- शाम्पू आणि तेल पूर्वीच्या मापाने घेऊ नका. आखूड केस त्याने लगेच चिपचिपीत होतात.
- केस वाढवताना मानेवरचे केस मधूनमधून थोडे कापून घ्या. पुढचे केस खाली येईपर्यंत मागे शेपूट दिसत नाही.
- घरात लग्न तोंडावर असेल तर गंगावन किंवा क्लिपची एक्स्टेन्शन्स आधी एकदा घरी लावून पाहा.

लोक खरंच एवढं बघतात का?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. निम्म्या लोकांचं लक्ष गेलं असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात राहिला होता. कंबरेची वेणी गेल्यावर लोक विचारतील हे खरं, पण त्यांच्यासाठी तो एका वाक्याचा विषय असतो. 'हो, कापले. आता बदल म्हणून,' एवढं उत्तर पुरतं.

बहुतेकांची ही रुखरुख काही आठवड्यांत कमी होते. पण बाहेर पडणं, कॉलेज किंवा काम टाळावंसं वाटत असेल, दिवसाचे तास आरशासमोर जात असतील आणि हे थांबत नसेल, तर प्रश्न केसांपुरता राहिलेला नाही. अशा वेळी समुपदेशकाशी बोलावं. केस कापण्याशी संबंध नसताना ते पुंजक्याने गळत असतील, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.