विश्लेषण : समाजमाध्यमांतही ‘नंबर पोर्टेबिलिटी’ येणार? मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, थ्रेड्स एकमेकांशी कसे जोडले जात आहेत?

‘ट्विटर’ला देशी पर्याय म्हणून २०२० मध्ये आलेले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘कू’ हे ॲप बंद होत असल्याचे संस्थापकांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर केले. ॲपबरोबर तिथे जमवलेले फॉलोअर्सही गेले, कारण ते दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. ही अडचण सोडवण्याचा दावा विकेंद्रित समाजमाध्यमे करतात. या माध्यमांचा प्रवास आता सुट्या ॲपकडून एकमेकांशी जोडलेल्या सेवांकडे सुरू आहे. त्यातून वापरकर्त्याच्या हाती काय पडेल?

विकेंद्रित समाजमाध्यम म्हणजे काय?

फेसबुक किंवा एक्सवर खाते, पोस्ट, सर्व्हर आणि ॲप हे सारे एकाच कंपनीच्या ताब्यात असते. विकेंद्रित माध्यमात सर्व्हर अनेकांचे असतात, तरी त्यांवरील लोक एकमेकांशी बोलू शकतात. जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर ईमेल जातो, तसेच हे. जर्मनीतील ऑयगेन रोखको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले ‘मॅस्टोडॉन’ हे याचे ठळक उदाहरण. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यानंतर, नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीयांनी तिथे खाती उघडली होती. मात्र नव्या ॲपवर आपली माणसे नसतील, तर तिथे किती काळ थांबणार, हा प्रश्न उरतोच.

‘प्रोटोकॉल’ने काय साधते?

प्रोटोकॉल म्हणजे सर्वांनी मान्य केलेली संदेशांची समान भाषा. यूपीआयमुळे देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे ॲप वेगळे असले तरी पैसे पोहोचतात. समाजमाध्यमांत हे काम करणाऱ्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ला वेबची मानके ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे मॅस्टोडॉनवरील व्यक्ती ‘पीअरट्यूब’वरील व्हिडीओ चॅनेल किंवा ‘पिक्सेलफेड’वरील छायाचित्रकार यांना आपल्याच खात्यावरून फॉलो करू शकते. वर्डप्रेसवरील ब्लॉगही प्लगइनद्वारे या जाळ्यात येतो. मेटाच्या ‘थ्रेड्स’नेही २०२४ पासून काही देशांत, वापरकर्त्याने निवडल्यास, पोस्ट या जाळ्यात पाठवण्याची सोय दिली.

‘ब्लूस्काय’चा मार्ग वेगळा कसा?

विकेंद्रित मानकासाठी छोटा चमू उभारणार असल्याचे ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. त्यातून पुढे ब्लूस्काय ही स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे ॲप सर्वांना खुले झाले. तिच्या ‘एटी प्रोटोकॉल’मध्ये खाते ॲपपासून वेगळे केलेले असते. त्यामुळे तेच खाते आणि तेच फॉलोअर्स घेऊन ‘फ्लॅशेस’ या छायाचित्रांच्या किंवा ‘स्कायलाइट’ या व्हिडीओंच्या ॲपमध्ये जाता येते. म्हणजे ॲप बदलले, तरी ओळख तीच राहते.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण म्हणजे हे दोन प्रोटोकॉल एकमेकांना थेट कळत नाहीत. त्यांच्यामध्ये ‘ब्रिजी फेड’सारखा पूल लागतो. २०२४ मध्ये हा पूल न विचारता सर्वांच्या सार्वजनिक पोस्ट पलीकडे नेईल असे दिसताच मॅस्टोडॉनवर संताप उसळला आणि अखेर आधी संमती घेण्याची पद्धत स्वीकारावी लागली. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलल्यास फॉलोअर्स सोबत येतात, पण जुन्या पोस्ट येत नाहीत. शिवाय जुना सर्व्हर अचानक बंद पडला, तर फॉलोअर्सही नेता येत नाहीत. ब्लूस्कायमध्ये स्थलांतराची सोय असली, तरी बहुतांश खाती आजही कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. पोस्ट पुसण्याचाही प्रश्न आहेच. मूळ सर्व्हरवरून ती गेली, तरी इतर सर्व्हरवरील प्रती पुसल्या जातीलच, याची हमी नाही.

कायद्याची भूमिका काय?

भारतात जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ही मुभा नियामकाच्या नियमांमुळे मिळाली, कंपन्यांच्या मर्जीवर सोडली गेली नाही. युरोपीय संघाच्या ‘डिजिटल मार्केट्स ॲक्ट’ने व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या मेसेजिंग सेवांना इतर सेवांसाठी दार उघडण्याचे बंधन घातले, पण समाजमाध्यमांना ते लागू केलेले नाही. त्यामुळे तिथे दार किती उघडायचे, हे अजून कंपन्याच ठरवतात.

वापरकर्त्याने काय पाहावे?

‘विकेंद्रित’ हे लेबल पुरेसे नाही. नव्या ॲपवर खाते उघडताना आपण मित्र कोण आहेत, सोयी कोणत्या आहेत, हे पाहतो. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : उद्या इथून निघायचे झाले, तर नाव, फॉलोअर्स आणि पोस्ट यांपैकी काय सोबत नेता येईल? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ते ॲप कितीही नवे असले, तरी आपण तिथे भाडेकरूच असतो.