रिबन मायक्रोफोन : पट्टी अॅल्युमिनिअमचीच का?

शाळेच्या कार्यक्रमात माईक चालू आहे की नाही हे पाहायला आपण त्यावर फुंकर मारतो. नेहमीच्या माईकला त्याने फारसे काही होत नाही. पण एके काळी रेडिओच्या स्टुडिओत असणाऱ्या रिबन मायक्रोफोनची पट्टी अशा एका जोरदार फुंकरीने ताणून निकामी होऊ शके. इतकी नाजूक पट्टी का वापरत असत? याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रातच सापडते.

या मायक्रोफोनची कल्पना १९२० च्या दशकात जर्मनीत शॉट्की व गेरलाख यांनी मांडली. पुढे अमेरिकेत हॅरी ऑल्सन यांनी आणि १९३४ साली इंग्लंडमध्ये बीबीसी व मार्कोनी यांनी तो स्टुडिओत आणला. १९४० च्या दशकात वेणू चितळे लंडनला बीबीसीत जॉर्ज ऑर्वेल यांच्यासोबत काम करीत होत्या, तेव्हा तिथल्या स्टुडिओतला मुख्य मायक्रोफोन हाच होता.

त्याची रचना अगदी सोपी. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धातूची पातळ पट्टी सैलसर टांगलेली असते. आवाजाने हवा हलली की पट्टी हलते, चुंबकीय बलरेषा छेदते आणि तिच्या दोन टोकांत विद्युतदाब निर्माण होतो. तो फारच कमी असल्याने आतला ट्रान्सफॉर्मर तो वाढवतो. म्हणजे हवेबरोबर हलणारा पडदाही पट्टीच आणि विद्युतवाहकही पट्टीच. म्हणून ती हलकी हवी आणि तिचा रोधही कमी हवा.

आता विद्यार्थी विचारतील, चांदी तर सर्वांत चांगली वाहक आहे. बाळापूरच्या बाजारात बर्फीवर दिसणारा चांदीचा वर्ख एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. मग त्याचीच पट्टी का नको?

पट्टी निम्म्या जाडीची केली तर वजन निम्मे होते, पण रोध दुप्पट होतो. दोघांचा गुणाकार तेवढाच राहतो. याचा अर्थ, लांबी तीच ठेवली तर हा गुणाकार जाडीवर नव्हे, धातूवर अवलंबून असतो : घनता गुणिले रोधकता. घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आणि रोधकता १०⁻⁸ ओहम-मीटरमध्ये घेऊ.

चांदी : १०.५ × १.५९ = १६.७
तांबे : ८.९६ × १.६८ = १५.१
अॅल्युमिनिअम : २.७० × २.६५ = ७.२

वाहक म्हणून अॅल्युमिनिअम तिसरे, पण गुणाकारात पहिले. तेवढ्याच रोधाची, तेवढ्याच लांबी-रुंदीची चांदीची पट्टी २.३ पट जड भरेल आणि आवाजाबरोबर कमी हलेल. मॅग्नेशिअमचा गुणाकार ७.६ च्या आसपास येतो, पण दमट हवेत ते लवकर खराब होते. अॅल्युमिनिअमवर मात्र ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो.

जुन्या अमेरिकन मायक्रोफोनमध्ये पट्टीची जाडी सुमारे दोन-अडीच मायक्रॉन असे. १९५० च्या दशकात बीबीसीने तयार केलेल्या ४०३८ या मायक्रोफोनमध्ये ती ०.६ मायक्रॉनवर आली. अशा एक चौरस सेंटिमीटर पत्र्याचे वजन अवघे ०.१६ मिलिग्रॅम भरते! पट्टीवर पेटीच्या भात्यासारख्या बारीक आडव्या घड्या घालतात. त्यामुळे ती न ताणता सहज पुढेमागे हलते. हीच सैल, पातळ पट्टी जोराच्या वाऱ्याने कायमची लांबते आणि मग बदलावी लागते.

वर्गात याचा उलटा प्रयोग करता येईल. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनिअम फॉइलची दहा सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. नालाकृती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ती सैल टांगा आणि दोन्ही टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभरच जोडा, नाहीतर सेल तापेल. पट्टी एका बाजूला उडी मारेल. सेल उलटा जोडल्यावर ती कोणत्या बाजूला जाईल, हे विद्यार्थ्यांनी फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने आधी सांगावे, मग करून पाहावे. सेल काढून आपणच पट्टी हलवली, तर काय घडेल? याचे उत्तर ज्याला देता आले, त्याला रिबन मायक्रोफोन समजला.