घडीचा कॅमेरा : सुपर इकॉन्टा

छायाचित्र काढणाऱ्याच्या दोन इच्छा नेहमीं एकमेकींच्या आड येतात. चित्र मोठें व सुस्पष्ट उतरावें ही एक, आणि कॅमेरा कोटाच्या खिशांत मावावा ही दुसरी. फिल्म जितकी रुंद तितके चित्रांतील बारकावे अधिक. परंतु फिल्म रुंद झाली कीं भिंगही तिच्यापासून दूर ठेवावें लागतें, आणि कॅमेऱ्याची चांगली पेटीच होऊन बसते. या दोहोंत तडजोड घडवून आणली ती घडीच्या कॅमेऱ्यानें. त्याचा मधला भाग भात्याचा असतो. लोहाराचा भाता वारा घालण्यासाठीं मिटतो व उघडतो. हा भाता प्रकाश बाहेर ठेवण्यासाठीं असतो. झाकण खालीं पाडलें कीं दोन्ही बाजूंचे धातूचे टेकू ताठ होतात आणि भिंग आपल्या जागीं येऊन उभें राहतें.

या जातींतील एक उत्तम नमुना म्हणजे जर्मनींतील ‘सुपर इकॉन्टा’ हा होय. १९२६ सालीं ईका, एर्नेमान, गोएर्झ व कोन्टेसा-नेटेल या चार कारखान्यांचें एकीकरण होऊन ड्रेस्डेन येथें झाइस इकॉन ही कंपनी निघाली, व १९२९ सालीं तिनें साधा ‘इकॉन्टा’ बाजारांत आणला. तो सुबक होता, परंतु त्यांत एक उणीव होती. वस्तु किती अंतरावर आहे हें केवळ अंदाजानें ठरवून भिंगाचें कडें त्या आंकड्यावर आणावें लागे. दूरच्या डोंगराचें चित्र घेतांना ही चूक खपून जाई. पण भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें ठेवून दोन मीटरांवर बसलेल्या मुलाचें चित्र घ्यावयाचें, तर वीतभर चुकीनेंही चेहरा पुसट होई. मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यांत एका गुंडाळींत चित्रें अवघीं आठ. आणि चूक कळावयाची ती फिल्म धुतल्यावर, म्हणजे प्रसंग निघून गेल्यावर!

१९३४ सालीं निघालेल्या सुपर इकॉन्टानें या अंदाजाची जागा मापनाला दिली. मनुष्य दोन डोळ्यांनीं पाहतो, तेव्हां वस्तु जितकी जवळ तितके त्याचे डोळे आंत वळतात. अंतरमापकाचें तत्त्व हेंच आहे. त्याच्या दोन खिडक्यांतून आलेलीं प्रतिबिंबें एकाच छिद्रांतून दिसतात. वस्तु जवळ असल्यास तीं दुहेरी भासतात. त्यांतील एक किंचित् वळवून दुसऱ्यावर नेमकें बसविलें, कीं वळणाच्या मानावरून अंतर निश्चित होतें.

खरी अडचण पुढेंच होती. अंतरमापक कॅमेऱ्याच्या अंगांत, आणि भिंग मऊ भात्याच्या दुसऱ्या टोंकाला. दोहोंना तरफांनीं जोडावें, तर वारंवार उघडमीट करून सांधे ढिले पडण्याची भीति. यावर काढलेली युक्ति मोठी चतुराईची आहे. भिंगाच्या शेजारीं एक लहानशी भुजा बसवून तिच्यांत पाचरीच्या आकाराच्या दोन गोल काचा ठेवल्या. भिंगाचें कडें फिरविलें कीं दंतचक्रांच्या योगानें त्या परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात. एकीची जाड बाजू दुसरीच्या पातळ बाजूवर असली कीं प्रकाश सरळ जातो. दोघींच्या जाड बाजू एकत्र येऊं लागल्या कीं तो वळतो. काचा व भिंग एकाच पाटावर असल्यामुळें कॅमेऱ्याच्या अंगाशीं त्यांना जोडणारा दुवा म्हणजे फक्त प्रकाशाचा किरण. शिवाय किरण पाचरीच्या कोणत्याही भागांतून गेला तरी तो तितकाच वळतो. म्हणून भुजा केंसभर इकडेतिकडे झाली तरी मापन बिघडत नाहीं.

या मालिकेंत चित्रांचे आकार निरनिराळे होते. ६ × ९ सेंटिमीटरांचीं आठ किंवा ६ × ४.५ चीं सोळा चित्रें घेणारे कॅमेरे प्रथम आले. १९३५ सालीं ६ × ६ चा चौरस नमुना निघाला. त्यांतील गणकयंत्र प्रत्येक चित्रानंतर फिल्म आपोआप थांबवी; मात्र त्याच्या हिशेबांत बाराऐवजीं अकराच चित्रें बसत. पुढें त्याच आकारांत प्रकाशमापक बसविलेला कॅमेराही आला.

ही प्रगति ज्या काळांत झाली तो काळ मात्र सुखाचा नव्हता. कंपनीचे संचालक एमानुएल गोल्डबर्ग हे ज्यू होते. १९३३ च्या एप्रिलमध्यें नाझींनीं त्यांना पळवून नेलें. सुटका झाल्यावर ते पॅरिसला गेले व १९३७ सालीं पॅलेस्टाइनमध्यें स्थायिक झाले. १९४५ च्या फेब्रुवारींत बाँबवर्षावानें ड्रेस्डेन शहर उद्ध्वस्त झालें. आणि युद्धानंतर जर्मनीबरोबर ही कंपनीही दुभंगली. पश्चिमेकडे स्टुटगार्ट येथें सुपर इकॉन्टा पुन्हां निघूं लागला. तिकडे मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क येथें त्याच धर्तीचा ‘मोस्क्वा’ तयार झाला. १९४७ सालच्या त्याच्या दुसऱ्या नमुन्यांत त्याच फिरत्या पाचरी आहेत. १९६० च्या सुमारास दोन्हीकडील उत्पादन थांबलें. तरीही या कॅमेऱ्यांना लागणारी १२० क्रमांकाची फिल्म, जी १९०१ सालीं प्रथम निघाली, ती अद्याप तयार होते.

म्हणून श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं असा जुना कॅमेरा असेल, तर तो निरुपयोगी समजूं नये. अंधाऱ्या खोलींत भात्याच्या आंत लहान दिवा धरून पाहावा; घडीच्या कोपऱ्यांत प्रकाशाचे ठिपके दिसले तर तेथें भोंकें आहेत असें समजावें. झाकण झटक्यानें उघडूं नये, एका हातानें आवरून हळूच उघडावें. कारण फुगणारा भाता हवा ओंखून घेतो, आणि त्या ओढीनें सपाट फिल्मला पोक येतो. याच कारणास्तव पुढील चित्राची फिल्म कॅमेरा उघडल्यानंतर गुंडाळावी, आधीं नव्हे. एवढी काळजी घेतल्यास हें यंत्र पुन्हां चांगलें काम देऊं शकतें.