एका टिचकीचे कुलमुखत्यारपत्र

ब्राउझर उघडून पत्त्याच्या पट्टीत ‘पुणे रत्नागिरी एसटी वेळापत्रक’ एवढे शब्द टंकावेत, एंटर दाबावे, आणि नेहमीच्या गूगलऐवजी क्षणभर कुठलासा अनोळखी पत्ता त्या पट्टीत झळकून मग निकालांचे पान भलत्याच सर्च इंजिनावर उघडावे, असा अनुभव ज्यांना आला आहे, त्यांतील बहुतेकांनी ‘काहीतरी सेटिंग बिघडले असेल’ अशी स्वतःची समजूत घालून काम पुढे रेटले असेल. गाडीची वेळ सापडते, काम अडत नाही. मग तक्रार ती कशाची करावयाची? परंतु तो क्षणभर झळकलेला पत्ता हाच या प्रकरणातील मुख्य पुरावा असतो. आपला प्रश्न गूगलकडे न जाता आधी एका त्रयस्थाच्या दप्तरी नोंदवला गेला, त्या त्रयस्थाने तो आपल्या सोयीच्या सर्च इंजिनाकडे वळवला, आणि तेथील जाहिरातींवर आपण टिचकी मारल्यास होणाऱ्या प्राप्तीतील वाटा स्वतःच्या नावे लावून घेतला, असा त्याचा सरळ अर्थ आहे. या त्रयस्थाला ‘ब्राउझर हायजॅकर’ म्हणतात, आणि अलीकडे तो बहुधा एक्स्टेन्शनच्या रूपाने आपल्या ब्राउझरात मुक्कामाला असतो.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटासा प्रोग्राम. जाहिराती अडवणे, पानाचे भाषांतर करणे, पीडीएफचे रूपांतर करणे, चित्रे मोठी करून दाखवणे, अशी जी कामे ब्राउझर स्वतः करीत नाही किंवा नीट करीत नाही, ती हे प्रोग्राम करतात. गूगलने २०१० च्या डिसेंबरात क्रोमसाठी वेब स्टोअर उघडले तेव्हापासून तर त्यांची संख्या अफाट वाढली. यांतील बहुतेक फुकट मिळतात. मोबदला पैशात नव्हे, अधिकारात द्यावा लागतो. एक्स्टेन्शन बसवताना जी लहानशी चौकट पुढे येते, तिच्यात पुष्कळदा ‘रीड अँड चेंज ऑल युअर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स’ असे एक वाक्य असते, आणि ते न वाचताच आपण होकाराचे बटण दाबून मोकळे होतो. आपण उघडू त्या प्रत्येक संकेतस्थळावरचा सर्व मजकूर वाचण्याची आणि त्यात फेरफार करण्याची मुभा या एका वाक्याने दिली जाते. मग तो मजकूर बँकेच्या खात्याचा असो, खासगी पत्रव्यवहाराचा असो वा रक्ततपासणीच्या अहवालाचा असो. एचटीटीपीएसचे संरक्षणही येथे कामास येत नाही, कारण मजकूर वाटेत कोणी वाचू नये यासाठी ती तजवीज आहे, आणि एक्स्टेन्शन तर तो आपल्या पडद्यावर उलगडल्यानंतर वाचते.

जमिनीच्या व्यवहारात कोणाला कुलमुखत्यारपत्र द्यावयाचे झाले, तर मनुष्य चार जाणत्यांचा सल्ला घेतो, मुद्रांकाचा कागद आणतो, साक्षीदार उभे करतो. येथे तेवढाच व्यापक अधिकार एका टिचकीत दिला जातो. शिवाय कायद्यातल्या मुखत्याराला आपली मुखत्यारी परस्पर तिसऱ्याला विकता येत नाही; एक्स्टेन्शनच्या कर्त्याला मात्र ती विकता येते, आणि सारा अनर्थ येथेच आहे.

‘द ग्रेट सस्पेंडर’ या एक्स्टेन्शनची हकीकत या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे. उघडून ठेवलेल्या आणि वापरात नसलेल्या टॅबना निद्रिस्त करून संगणकाची मेमरी वाचवणे एवढेच त्याचे काम, आणि ते काम ते इतके चोख करीत असे की वीस लाखांहून अधिक लोकांनी ते विश्वासाने बसवले होते. त्याचा मूळ कर्ता डीन एमके याने २०२० च्या जूनमध्ये ते एका अज्ञात पक्षाला विकले. वापरणाऱ्यांना याची वर्दीही लागली नाही, कारण एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या आपोआप येऊन बसतात आणि आधी मागितलेल्याहून अधिक अधिकार नको असतील, तर पुन्हा संमती घेण्याचा शिरस्ता नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील आवृत्तीत, जाहीर केलेल्या मूळ संहितेत कोठेही न आढळणारी भर घातलेली काही चौकस वापरकर्त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी बोभाटा केला. आणि अखेर २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने त्यात घातक संहिता असल्याचा शेरा मारून ते वेब स्टोअरमधून काढले व लोकांच्या संगणकांवरही बंद पाडले. ज्यांनी ते बसवले होते त्यांनी बसवतेवेळी कोणतीही चूक केली नव्हती. त्यांनी एका सज्जनाला दिलेला अधिकार त्यांच्या अपरोक्ष दुसऱ्याच्या हाती गेला, इतकेच.

विक्री न होताही मालकी हिरावली जाऊ शकते. सायबरहेवन ही कंपनी ग्राहकांची माहिती बाहेर फुटू नये याची राखण करणारी. परंतु २०२४ च्या नाताळच्या सुमारास तिच्याच एका कर्मचाऱ्याला गूगलच्या नावे बनावट ईमेल आला, त्यातील दुव्यावरून त्याने नकळत एका परक्या प्रोग्रामला परवानगी दिली, आणि चोरट्यांनी कंपनीच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती वेब स्टोअरवर चढवली. सुमारे चार लाख लोक ते एक्स्टेन्शन वापरीत होते. ती आवृत्ती जेमतेम एक दिवस टिकली. पण ब्राउझरात साठलेल्या कुकीज, म्हणजे आपण आधीच लॉग-इन केलेले आहे असा दाखला देणाऱ्या त्या लहान नोंदी, पळवण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो.

पळवलेल्या माहितीचे पुढे होते काय, याचे उत्तर सॅम जदाली या संशोधकाने २०१९ च्या जुलैत उघडकीस आणलेल्या ‘डेटास्पाय’ प्रकरणात सापडते. हॉव्हर झूम, स्पीकइट यांसारखी आठ एक्स्टेन्शने सुमारे चाळीस लाख लोक भेट देत असलेल्या पानांचे पत्ते गोळा करीत होती, आणि ते पत्ते एका विश्लेषण-सेवेमार्फत पैसे मोजणाऱ्या कोणालाही पाहावयास मिळत होते. नुसत्या पत्त्यांत काय आहे, असे वाटेल. परंतु ‘ज्याच्याजवळ दुवा आहे त्याला पाहता येईल’ या पद्धतीने ठेवलेली करविवरणे, बिले, प्रवासाची तिकिटे यांचा पत्ता हीच त्यांची किल्ली असते. यांतील काही एक्स्टेन्शने बसवल्यावर कित्येक दिवस मुकाट राहत आणि मगच वसुली सुरू करीत, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण ‘महिनाभर वापरून पाहिले, काही त्रास नाही’ ही आपली परीक्षा त्यामुळे कुचकामी ठरते.

उपद्रवाची आणखी एक वाट फुकट सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यातून येते. २०१७ साली चेक पॉइंट या सुरक्षा-कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या हायजॅकरचा बोभाटा केला, तेव्हा त्याने ग्रासलेले सुमारे अडीच कोटी संगणक एकट्या भारतात असल्याचा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले, पण प्रसाराची रीत वादातीत होती. हवे ते सॉफ्टवेअर घेताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत जावे आणि आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीतून नको ते सोबत यावे, अशी ती रीत.

आता ओळख कशी पटवावी? सर्च इंजिन किंवा होमपेज आपल्या हुकुमाविना बदललेले असणे, आपण ते पूर्ववत केले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललेले दिसणे, ज्या संकेतस्थळांवर पूर्वी जाहिराती नव्हत्या तेथे त्या उगवणे, ही उघड लक्षणे. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर टिचकी मारून ‘एक्स्टेन्शन्स’ आणि तेथून ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ उघडावे. एज आणि फायरफॉक्स यांतही अशीच यादी मेनूतच असते. यादीतील प्रत्येक नावाच्या ‘डिटेल्स’मध्ये त्याला कोणते अधिकार आहेत ते लिहिलेले असते. हवामान दाखवणाऱ्या किंवा पडद्याचा रंग बदलणाऱ्या एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळांचा मजकूर वाचण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न तेथे विचारावा, आणि उत्तर न मिळाल्यास ते काढावे. जे आपण बसवल्याचे आठवत नाही, त्याविषयी तर विचारही करू नये. कोणावर संशय घ्यावा हेच कळत नसेल, तर सर्व बंद करून एकेक सुरू करीत जावे. ज्याच्यामागून लक्षण परत येते तो अपराधी. हा निवाडा दृश्य लक्षणांपुरताच खरा, कारण मुकाट वाचणारे एक्स्टेन्शन असे पकडले जात नाही. तेथे अधिकारांची छाननी हाच उपाय.

काढण्याचे बटण ‘रिमूव्ह’ हे होय. कधी कधी मात्र ते बटण नसतेच, आणि ‘हे एक्स्टेन्शन तुमच्या प्रशासकाने बसवले आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसतो. कचेरीच्या संगणकावर तो खरा असू शकतो, आणि तेथे स्वतः हात न घालता संगणक विभागाला कळवावे. परंतु घरच्या संगणकाला प्रशासक कुठला? मोठ्या संस्थांना आपल्या संगणकांवर एकच धोरण लागू करता यावे म्हणून ब्राउझरात जी सोय ठेवलेली आहे, तिचाच गैरफायदा घेऊन हायजॅकर स्वतःला कायम करतो. काही अँटिव्हायरसही ही सोय वापरतात, म्हणून घाई न करता आधी विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्स’ची यादी तारखेनुसार लावावी, उपद्रव सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी सॉफ्टवेअर काढावे आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने संपूर्ण तपासणी करावी. तरीही दाद लागली नाही, तर रजिस्ट्रीतील धोरणाची नोंद पुसावी लागते, आणि ते काम जाणकाराकडे सोपवणेच श्रेयस्कर. डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या शॉर्टकटचे ‘प्रॉपर्टीज’ही पाहावे; ‘टार्गेट’च्या शेवटी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर दर वेळी तेच पान उघडण्याचे कारण तेथे सापडेल.

यानंतर ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ‘रीसेट’ करावे. त्याने सर्च इंजिन व होमपेज मूळ स्थितीस येतात आणि एक्स्टेन्शने बंद होतात. बुकमार्क व साठवलेले पासवर्ड मात्र शाबूत राहतात. एकच खाते दोन संगणकांवर वापरात असेल, तर दोन्ही स्वच्छ करणे अगत्याचे आहे, नाहीतर ‘सिंक’च्या मार्गाने काढलेले एक्स्टेन्शन पुन्हा येऊन हजर होते. पासवर्ड बदलावयाचे ते सर्वांत शेवटी, कारण दूषित ब्राउझरात टंकलेला नवा पासवर्डही जुन्याच हाती पडण्याची भीती असते. आणि ईमेल, बँक यांसारख्या खात्यांतून ‘सर्व उपकरणांवरून लॉग-आउट’ हा पर्यायही वापरावा, म्हणजे पळवलेल्या कुकीजचा दाखला रद्द होतो. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

एवढे करून जे चांगले, उपयोगी एक्स्टेन्शन शिल्लक राहील, त्याचाही अधिकार आकुंचित करता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. क्रोममध्ये ‘साइट अ‍ॅक्सेस’ या सदरात ‘ऑन क्लिक’ निवडले, तर आपण हाक मारू तेव्हाच त्या पानापुरता मजकूर त्याला वाचता येतो. किंवा ठरावीक संकेतस्थळांपुरतीच मुभा ठेवता येते. आपल्याकडे पुष्कळ घरांत संगणक वापरतात वडीलधारे, आणि त्यावर नवे काही बसवून देतात सुटीवर आलेली मुले किंवा नातवंडे. तेव्हा ज्याने बसवले त्यानेच पुढच्या खेपेस येऊन यादी तपासावी, मालक बदलला आहे काय, आवृत्तीबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत काय, काम संपले आहे काय, हे पाहून अनावश्यक ते काढून टाकावे, हा नियम घरात लावून घेण्यास हरकत नाही. आपण दिलेली मुखत्यारी मुदतबंद नसते. ती आपण रद्द करीपर्यंत चालू राहते, आणि ती रद्द करण्याचे काम आपल्यावतीने दुसरे कोणी करणार नाही.