पोचपावतीची किंमत

कसबा पेठेतल्या एखाद्या वाड्यातून लग्नाचे चित्रीकरण अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवले, तर ते एकगठ्ठा जात नाही. त्याची लाखो छोटी पाकिटे होतात. काही वाटेत हरवतात, काही मागेपुढे पोचतात. हे निस्तरायचे कोणी? याची दोन उत्तरे 1980 आणि 1981 मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली.

‘टीसीपी’ हा नियम मजकुराला क्रमांक देतो, पोच मागतो आणि ती न आल्यास हरवलेला भाग पुन्हा पाठवतो. ‘यूडीपी’ पत्ता लिहून पाकीट टाकतो आणि मोकळा होतो.

तरीही पहिला चांगला, दुसरा वाईट असे म्हणता येत नाही. पोच यायला वेळ लागतो. अमेरिकेची जाऊन-येऊन फेरी पाव सेकंदाची धरू. मूळ टीसीपीत पोच येण्याआधी फार तर 65,535 बाइट पाठवता येत. म्हणजे सेकंदाला सुमारे 2,62,000. तार कितीही वेगवान असली, तरी एका गिगाबाइटला तासाहून अधिक वेळ! ही मर्यादा 1992 मध्ये सैल झाली. पण पाकीट हरवले की वाट तुंबली असे समजून टीसीपी वेग उतरवतो. ही सबुरीही वाया जात नाही. 1986 मध्ये इंटरनेट तुंबल्यावर व्हॅन जेकबसन यांनी तिचे नियम घडवले.

नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, वेगळा प्रश्न उभा करते. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा, तर एकेका संकेताचे सेकंदाला किमान 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. आकाश पोचेसाठी थांबत नाही. हरवलेला तुकडा पुन्हा मागेपर्यंत नव्या नमुन्यांचा ढीग साचतो. म्हणून अशा यंत्रणांत यूडीपी सोयीचा ठरतो: पाकिटावर क्रमांक घालायचा, गळाले तिथे रिकामी जागा नोंदवायची आणि पुढे जायचे. अब्जावधी नमुन्यांच्या सरासरीत किरकोळ गळती खपते. लग्नाच्या फितीत किंवा बँकेच्या हिशेबात ती खपणार नाही.

2021 मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ने तिसरी वाट रूढ केली: खाली यूडीपी, आणि पोच, पुनर्प्रेषण, वेगाचा संयम हे सारे वरच्या थरात. पोचेची जबाबदारी संपली नाही. तिची जागा बदलली. म्हणून निवड करताना दोनच गोष्टी विचाराव्यात: हरवले तर काय बिघडेल, आणि उशिरा आले तर काय बिघडेल?